ध्वनिमापनाचे जाळे : मोजक्या केंद्रांचा नेमकेपणा आणि अनेक केंद्रांची व्याप्ती

शहरातील आवाज दोन निराळ्या हेतूंनी मोजला जातो. कोणत्या वस्तीला रोज किती आवाज सोसावा लागतो हे जाणून घेणे हा एक हेतू, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेचा भंग अमुक ठिकाणी अमुक वेळी झाला हे सिद्ध करणे हा दुसरा. दोहोंसाठी लागणारे साधन वरकरणी एकच दिसत असले, तरी साधनांची संख्या, त्यांची जागा, त्यांवरील खर्च आणि त्यांनी पाठवायची माहिती या सर्व बाबतींत हे हेतू एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात, आणि ध्वनिसंवेदकांच्या जाळ्याची आखणी करताना उद्भवणारे बहुतेक वाद या ओढाताणीतूनच निर्माण होतात.

भारतात या मोजणीला कायद्याची चौकट आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल, वाणिज्य क्षेत्रासाठी 65 व 55, औद्योगिक क्षेत्रासाठी 75 व 70, तर शांतता क्षेत्रासाठी 50 व 40 डेसिबल अशी मर्यादा घालून दिली. सकाळी 6 ते रात्री 10 हा दिवस आणि उरलेले 8 तास ही रात्र मानली जाते. हे डेसिबल ‘ए-भारित’ असतात, म्हणजे मानवी कानाला ज्या कंप्रता कमी जाणवतात, विशेषतः खर्जातील, त्यांचे वजन मोजणीत त्या प्रमाणात घटवलेले असते; शिवाय ते एका क्षणाचे नसून ठरावीक काळातील ध्वनिऊर्जेची सरासरी दाखवतात, आणि या सरासरीला समतुल्य ध्वनिपातळी म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2011 मध्ये ध्वनिमापनाचे राष्ट्रीय जाळे सुरू केले व पुढे ते 7 महानगरांतील 70 केंद्रांपर्यंत वाढवले, त्यांपैकी 10 केंद्रे मुंबईच्या वाट्याला आली. ही दहाही केंद्रे महापालिकेच्या हद्दीतच आहेत असे धरले, तरी 2011 च्या जनगणनेतील 1 कोटी 24 लाख लोकसंख्येच्या हिशेबाने एका केंद्रामागे 12 लाखांहून अधिक माणसे येतात.

ही 10 केंद्रे पुरेशी नाहीत याबद्दल फारसा मतभेद नाही. त्यांत भर कशाची घालावी याबद्दल आहे. त्या मतभेदाच्या दोन बाजू पुढे दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी दिल्या आहेत. त्यांतील एक ज्येष्ठ मापनतज्ज्ञ असून ध्वनिमापकांची तपासणी व अंशांकन, म्हणजे ज्ञात आवाजाशी ताडून उपकरणाची मोजणी दुरुस्त करणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम आहे. दुसरा संवेदकांची जाळी उभारणारा तरुण अभियंता आहे.

मापनतज्ज्ञ : जाळे उभारण्याआधी उपकरणाची पात्रता ठरली पाहिजे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या 61672 क्रमांकाच्या मानकात ध्वनिमापकांचे दोन वर्ग केलेले आहेत आणि पहिल्या वर्गाच्या उपकरणाला दुसऱ्या वर्गापेक्षा बरीच कमी चूक माफ असते. त्याच्या मायक्रोफोनचा पडदा सुमारे अर्धा इंच व्यासाचा असतो, त्याच्यावर 1000 हर्ट्झचा आणि 94 डेसिबलचा, म्हणजे 1 पास्कल दाबाचा, प्रमाणित स्वर देऊन उपकरण बरोबर वाचते की नाही हे पाहता येते, आणि त्या तपासणीची साखळी राष्ट्रीय प्रमाणांपर्यंत नेता येते. ज्या आकड्याच्या मागे अशी साखळी नाही, तो आकडा नकाशावर कितीही सुबक दिसला तरी त्याच्यावर कारवाईची इमारत उभी राहत नाही.

अभियंता : मॅडम, उपकरण कितीही नेमके असले तरी ते जिथे बसवलेले नाही तिथल्या आवाजाबद्दल ते काहीच सांगत नाही. एकाच इमारतीच्या रस्त्याकडच्या खिडकीत आणि मागच्या चौकाकडच्या खिडकीत 10 ते 15 डेसिबलचा फरक सहज पडतो. भिंतीच्या अगदी समोर मायक्रोफोन लावला, तर परावर्तनामुळेच जवळजवळ 3 डेसिबल वाढतात. पहिल्या वर्गाच्या उपकरणाने आपली स्वतःची चूक 1 डेसिबलच्या आसपास आणली, पण त्याच्या वाचनावरून दोन गल्ल्या पलीकडच्या घराचा अंदाज बांधताना होणारी चूक 10 डेसिबलची असेल, तर वाचवलेल्या त्या एका डेसिबलचा त्या घरातल्या माणसाला काय उपयोग?

मापनतज्ज्ञ : त्यावर उपाय झालेले आहेत, आणि ते करण्यासाठी हजारो उपकरणे लागलेली नाहीत. इटलीत ‘डायनामॅप’ या प्रकल्पात मिलान शहराच्या एका भागातले सुमारे 2000 रस्ते घेतले गेले. दिवसभरात आवाज कसा चढतो-उतरतो याच्या आलेखावरून त्या रस्त्यांचे गट पाडण्यात आले आणि केवळ 24 केंद्रांवरून सगळ्या रस्त्यांचा ध्वनिनकाशा सतत अद्ययावत ठेवता येईल अशी रचना केली गेली. आधी अभ्यास केला, तर थोड्या उपकरणांत भागते.

अभियंता : मिलानच्या त्या जाळ्यात वाहतुकीचा आवाज हाच विषय होता. रुग्णवाहिकेचा भोंगा, कोणाची आरडाओरड, बांधकामाचा ठोका असे जे काही वाहतुकीचे नव्हते ते ‘अपवादात्मक घटना’ म्हणून ओळखून मोजणीतून वगळण्याची तजवीज त्यात होती. आपल्याकडे लोक ज्याची तक्रार करतात ते नेमके हेच असते. हॉर्न, पायाभरणीच्या खांबांचे ठोके, मंडपातले ध्वनिक्षेपक, मिरवणुकीतला डीजे यांना अपवाद मानून बाजूला काढले, तर मागे जो नकाशा उरेल तो वाहनांच्या टायरांचा आणि इंजिनांचा असेल.

मापनतज्ज्ञांचा युक्तिवाद येथे त्यांच्याच विरोधात वळतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. थोड्या केंद्रांवरून मोठ्या प्रदेशाचा अंदाज बांधायचा असेल, तर आवाजाचे वर्तन नियमित असावे लागते. पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीच्या वेळी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वर्षानुवर्षे चौकाचौकांत जाऊन हाती मापक घेऊन जी मोजणी करत आले आहेत, आणि जिची सरासरी काही वर्षी 100 डेसिबलच्याही वर गेली आहे, ती मोजणी कोणत्याही रस्त्याच्या नेहमीच्या आलेखावरून भाकीत करता आली नसती. आवाज जितका अनियमित, तितकी केंद्रे दाट हवीत.

अभियंता : म्हणूनच स्वस्त संवेदकांचा विचार करावा लागतो. मोबाइल फोनमध्ये असतो तसा सिलिकॉनवर कोरलेला मायक्रोफोन, त्याला जोडलेला छोटा संगणक, वाऱ्यासाठी स्पंजचे आवरण आणि पावसापासून रक्षण करणारी पेटी एवढ्यात काम होते. न्यूयॉर्क विद्यापीठाने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘साउंड्स ऑफ न्यूयॉर्क सिटी’ या प्रकल्पात असेच संवेदक तयार केले गेले आणि त्यांची नेमकेपणाची पातळी साधारण दुसऱ्या वर्गाच्या मापकाइतकी होती. या मायक्रोफोनचा स्वतःचा अंगभूत आवाज सुमारे 30 डेसिबलचा असतो, त्यामुळे शांतता क्षेत्राची रात्रीची 40 ची मर्यादाही त्याला मोजता येते. पहिल्या वर्गाच्या एका केंद्राच्या किमतीत असे कितीतरी संवेदक बसतात, आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या दिशेची असल्यामुळे बऱ्याच वाचनांच्या सरासरीत ती विरून जाते.

मापनतज्ज्ञ : ती विरून जाते हे गृहीत धरणे हाच या सगळ्या मांडणीतला कच्चा दुवा आहे. प्रत्येक संवेदक आपापल्या लहरीने कधी वर कधी खाली वाचत असेल, तर 16 संवेदकांच्या सरासरीत चूक एक-चतुर्थांश होईल, हे खरे. पण एकाच कारखान्यातून आलेले, एकाच प्रकारच्या पेटीत बसवलेले संवेदक जून महिन्यात एकाच दमट हवेत एकाच वेळी उभे राहतात. मायक्रोफोनचे छिद्र मिलिमीटरच्या अंशाएवढे असते, त्याच्यावर बाष्पाचा पापुद्रा बसतो, समुद्राजवळ मीठ साचते, रस्त्याकडेला धूळ बसते. परिणामी सगळेच्या सगळे एकाच दिशेने सरकतात. असे शंभर संवेदक घेतले तरी सरासरी दहा पट चांगली होत नाही, फक्त एकच चूक शंभर वेळा लिहिली जाते. आणि ती किरकोळ नसते. 2 डेसिबलचा सरकाव म्हणजे ध्वनिऊर्जेत 58 टक्क्यांचा फरक. त्याच रस्त्यावर त्याच प्रकारची दीडपटीहून अधिक वाहने धावू लागली असा निष्कर्ष त्यातून कोणी काढला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

अभियंता : ती अडचण मान्य आहे, आणि तिच्यावरची तोड जाळ्याच्या आतच आहे. दर काही संवेदकांमागे एक पहिल्या वर्गाचे केंद्र ठेवायचे आणि दोन-तीन स्वस्त संवेदक त्याच्या शेजारी, त्याच खांबावर कायम ठेवायचे. दोघांच्या वाचनांत अंतर पडू लागले की त्या तुकडीतले सगळेच संवेदक सरकत आहेत हे कळते. शिवाय मुंबईत शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत शहर सर्वांत शांत असते. त्या काळात प्रत्येक ठिकाणी ठरावीक तळपातळी सापडते, आणि एखाद्या संवेदकाची तळपातळी महिनाभर हळूहळू उतरत गेली, तर त्याचे छिद्र बुजले आहे असे मानायला हरकत नसते.

मापनतज्ज्ञ : ऑक्टोबर ते मे या काळात हे चालेल. पावसाळ्यात पहाटे तीन वाजता पत्र्यावर पडणारे पाणी आणि डबक्यातले बेडूक ही तळपातळीच बदलून टाकतात. शिवाय वाऱ्याचा वेग सेकंदाला 5 मीटरच्या वर गेला की आवरणावरून वाहणारी हवा स्वतःच आवाज करते, म्हणून ती वाचने बाद धरण्याची प्रथा आहे. म्हणजे ज्या महिन्यांत संवेदक बिघडण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच महिन्यांत ही तपासणी आंधळी होते. तेव्हा प्रत्येक केंद्राजवळ पर्जन्य व वारा मोजणारे साधन हवे आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अंशांकक घेऊन माणूस खांबावर चढला पाहिजे. त्याला दूरवरच्या सर्व्हरवरून पर्याय नाही.

अभियंत्याने या अटीला विरोध केला नाही, आणि करणे रास्तही झाले नसते. वादाचा पुढचा भाग मात्र दोघांच्याही भूमिकेपेक्षा खोल जातो, कारण तो ज्या राशीच्या नेमकेपणाबद्दल वाद चालला आहे त्या राशीबद्दलच प्रश्न विचारतो. समतुल्य ध्वनिपातळी ही ऊर्जेची सरासरी असल्यामुळे तिच्यावर मोठ्या आवाजांचा प्रभाव प्रचंड असतो. एका निवासी गल्लीत रात्री दोन ते तीन या तासात पार्श्वभूमीचा आवाज 42 डेसिबल आहे आणि त्या तासात केवळ एकदा, 3 सेकंद, 80 डेसिबलचा हॉर्न वाजला असे धरले, तर 80 डेसिबलची ऊर्जा 42 डेसिबलच्या ऊर्जेच्या सुमारे 6300 पट असल्यामुळे ते 3 सेकंद उरलेल्या संपूर्ण तासाहून पाचपटींनी अधिक ऊर्जा ओततात आणि त्या तासाची समतुल्य पातळी 50 डेसिबल भरते. शेजारच्या गल्लीत एखाद्या वातानुकूलन यंत्राचा पंखा तासभर एकसारखा 50 डेसिबलने घुमत असेल, तर तिथलाही आकडा 50 च असतो. पहिल्या गल्लीतली माणसे दचकून जागी झाली, दुसऱ्या गल्लीतली कदाचित झोपेतच राहिली किंवा कदाचित त्यांना झोपच लागली नाही; दोहोंवरचे उपायही वेगळे, एकीकडे वाहतूक पोलिसाचा तर दुसरीकडे यंत्राच्या बैठकीचा. तासाचा आकडा मात्र यांतला कोणताही फरक दाखवत नाही, मग तो पहिल्या वर्गाच्या उपकरणाने दिलेला असो की दुसऱ्या.

अभियंता : म्हणजे तासाची एकच सरासरी पाठवणारे केंद्र, कितीही महागडे असले तरी, अपुरे आहे. प्रत्येक सेकंदाची पातळी साठवावी, आणि तासाच्या 90 टक्के वेळ आवाज ज्या पातळीच्या वर राहिला ती पार्श्वपातळी व 10 टक्के वेळ ज्या पातळीच्या वर गेला ती शिखरपातळी, अशा दोन्ही राशी काढाव्यात. हॉर्नच्या गल्लीत पार्श्वपातळी 42 च राहील, पंख्याच्या गल्लीत 50 दिसेल.

मापनतज्ज्ञ : याबाबत दुमत नाही. मात्र त्यातून आवाज किती आणि कसा हे कळले, तरी तो कोणाचा हे कळत नाही. पॅरिस परिसरातील ‘ब्रुइपारिफ’ या संस्थेने ‘मेडुसा’ नावाचे उपकरण याच कारणासाठी तयार केले. त्यात चार मायक्रोफोन असतात आणि आवाज चौघांपर्यंत पोहोचण्यातल्या सूक्ष्म कालांतरावरून तो कोणत्या दिशेने आला हे ठरवले जाते, त्यामुळे उपाहारगृहाच्या बाहेरची गर्दी आणि रस्त्यावरची वाहने वेगळी दाखवता येतात. इथे घड्याळांची जुळणी आणि उपकरणाची घडण इतकी काटेकोर लागते, की स्वस्त संवेदकांची भाषाच निरुपयोगी ठरते.

अभियंता : कारवाईच्या जागी तसेच उपकरण हवे, यात शंका नाही; पण कारवाई कोठे करायची हे आधी कळावे लागते. नियमांनुसार ध्वनिपातळी मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा अधिक वाढली तर नागरिक प्राधिकरणाकडे तक्रार करू शकतो. ज्या नियमाचा उंबरठाच 10 डेसिबलचा आहे, त्याच्यासाठी संशयित जागा शोधताना 2 डेसिबलची चूक चालण्यासारखी आहे. स्वस्त संवेदकांनी जागा दाखवावी आणि मग तिथे पहिल्या वर्गाचे उपकरण घेऊन अधिकारी जावा.

मापनतज्ज्ञ : तो जाईपर्यंत ध्वनिक्षेपक बंद झालेला असतो. म्हणून स्वस्त संवेदकाच्या नोंदीलाही पुरावा म्हणून काही मूल्य राहील अशीच रचना सुरुवातीपासून करावी. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात दाखल करायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते, आणि त्यात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य, म्हणजे मूळ नोंदीतला एक अंक जरी बदलला तरी बदलणारी तिची सांकेतिक खूण, द्यावी लागते. नोंद निर्माण झाली त्याच क्षणी संवेदकातच ही खूण काढून ठेवली नाही, तर नंतर सर्व्हरवर काढलेल्या खुणेवर कोणीही वकील बोट ठेवील.

आवाज ओळखण्याच्या प्रश्नाबरोबर खासगीपणाचा प्रश्नही येतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. खिडकीबाहेर चोवीस तास चालू असलेला मायक्रोफोन हा रहिवाशांच्या बोलण्यापर्यंत पोहोचू शकणारा मायक्रोफोन असतो. न्यूयॉर्कच्या प्रकल्पात सलग ध्वनिमुद्रण न करता अधूनमधून 10 सेकंदांचे तुकडे घेऊन ते कूटबद्ध केले जात आणि त्यांतला आवाज कशाचा हे ओळखण्याचे शिक्षण यंत्राला दिले जाई. अभियंत्याच्या मते भारतीय शहरांत याहून कडक मार्ग धरावा : आवाजाचे विश्लेषण संवेदकातच व्हावे, बाहेर फक्त एक-तृतीयांश सप्तकाच्या पट्ट्यांतील पातळ्या आणि ‘हॉर्न’, ‘ठोका’, ‘ध्वनिक्षेपक’ अशी नावे जावीत आणि मूळ ध्वनी तत्क्षणी पुसला जावा. 865 ते 868 मेगाहर्ट्झ या परवानामुक्त पट्ट्यातील ‘लोरा’ या कमी विजेच्या रेडिओ पद्धतीने संदेश पाठवला, तर एका वेळी फार तर काही शे बाइट जाऊ शकतात, म्हणजे ध्वनी बाहेर जाण्याची सोयच नसते. मापनतज्ज्ञांची हरकत अशी, की मूळ ध्वनी पुसल्यावर यंत्राने दिलेले नाव बरोबर होते की नाही हे कोणालाच तपासता येणार नाही, आणि ढोल-ताशा व पायाभरणीचा ठोका यांची गल्लत करणारे यंत्र वर्षभर आपली चूक खपवत राहील. या हरकतीत तथ्य आहे. तरीही रहिवाशांच्या संमतीने थोड्या, ठरावीक मुदतीच्या जागी मुद्रण करून यंत्राची परीक्षा घ्यावी आणि इतरत्र ध्वनी पुसावा, हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, कारण एकदा गेलेला विश्वास कोणत्याही अंशांककाने परत आणता येत नाही.

जागेच्या निवडीबद्दल मात्र दोघांनाही पुरेसे कठोर म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात केंद्रे तिथेच उभी राहतात जिथे वीज आहे, कुलूप आहे आणि परवानगी देणारा एकच अधिकारी आहे. म्हणजे सरकारी इमारतींच्या गच्च्यांवर. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब सोयीचे वाटतात, परंतु बऱ्याच ठिकाणी त्यांना वीज संध्याकाळीच सोडली जाते, त्यामुळे सौर पट्टी व बॅटरी लागते, आणि पावसाळ्यातल्या सलग ढगाळ दिवसांचा हिशेब धरून ती मोठी घ्यावी लागते. युरोपीय संघाच्या 2002 च्या ध्वनिनिर्देशात नकाशांसाठी जमिनीपासून 4 मीटर उंची धरलेली आहे. वीसमजली इमारतींच्या शहरात ती उंची पहिल्या मजल्याच्या रहिवाशाची असते, आणि समोरचा उड्डाणपूल तिसऱ्या मजल्याच्या पातळीवर असेल तर त्याचा आवाज सर्वाधिक सोसणारे घर मोजणीत येतच नाही. शांतता क्षेत्रांची गुंतागुंत आणखी वेगळी आहे : 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने अधिसूचित केल्याखेरीज रुग्णालय, शिक्षणसंस्था किंवा न्यायालय यांचा परिसर शांतता क्षेत्र ठरत नाही, त्यामुळे रुग्णालयाच्या फाटकावर रात्री 48 डेसिबल वाचणारे एकच केंद्र अधिसूचनेनुसार कधी उल्लंघन दाखवते, तर परिसर वाणिज्य क्षेत्रात गणला गेल्यास कधी दाखवत नाही. आतल्या रुग्णाच्या झोपेला हा फरक कळत नाही. रात्री माणसे जिथे झोपतात त्या खिडक्यांची यादी आधी करावी, चाळींच्या, झोपडपट्ट्यांच्या आणि रुग्णालयांच्या वॉर्डांच्या खिडक्यांसकट, आणि मग वीज तिथवर न्यावी.

मापनतज्ज्ञ : हे सगळे मान्य केले, तरी निविदेत उपकरणांची संख्या लिहिली जाते आणि देखभाल एका ओळीत उरकली जाते. पाच वर्षांच्या अंशांकनाचा, पावसाळी तपासणीचा आणि बदली संवेदकांचा खर्च मूळ किमतीत धरलेला नसेल, तर तिसऱ्या वर्षी या दाट जाळ्यातले निम्मे आकडे खोटे असतील आणि कोणते निम्मे हे कोणाला सांगता येणार नाही.

अभियंता : ती अट निविदेत पहिल्या पानावर यावी. पण त्याबरोबर एक मागणी आहे, मॅडम. वाचने तपासून झाल्यावर महिन्यांनी अहवालात छापण्याऐवजी त्याच दिवशी लोकांना दिसावीत. तक्रार करायला निघालेल्या माणसाच्या हातात आज रात्रीचा आकडा असला पाहिजे.

मापनतज्ज्ञ : न तपासलेला आकडा जाहीर केला, तर पहिल्याच चुकीला सगळे जाळे बदनाम होईल.

या शेवटच्या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही. तडजोड करायचीच झाली, तर ती अशी असावी : प्रत्येक वाचन त्याच दिवशी जाहीर व्हावे, पण त्याच्या शेजारी त्या संवेदकाचे शेवटचे अंशांकन कोणत्या तारखेला झाले, त्या तासात वारा वा पाऊस किती होता आणि चूक किती डेसिबलपर्यंत संभवते हे तिन्ही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे, आणि ठरलेली मुदत उलटूनही ज्या संवेदकाची तपासणी झालेली नाही, त्याचा आकडा आपोआप झाकला जाऊन त्या जागी तपासणी किती दिवस रखडली आहे तो आकडा दिसावा.